साडेतीन मिलीमीटर

९ फेब्रुवारी

झालं! इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून आणलं. साडेतीन मिलीमीटर.

शहरातल्या गॅरेजवाल्या निमाने मशीनवरून काढून हातात दिलं तेव्हा अजून कोमट होतं. म्हणाला, "सोद्नोमदा, घासलेलं परत चिकटवता येत नाही बरं का." मी म्हटलं, वीस वर्षं दवाखान्याची गाडी हाकतोय, मला शिकवतोस? तो हसला. मीही हसलो. पण शहरातून दुसऱ्याच्या ट्रकमध्ये परत येताना दोनशे किलोमीटर ते धूड शेजारच्या सीटवर होतं आणि मी सारखा त्याच्याकडे बघत होतो.

हिशोब तसा सोपा आहे. कारखान्यातून आलं तेव्हा हे इंजिन पावणेसात वाट्या हवा दाबून एक वाटी करायचं. एवढ्या ढिल्या दाबाला कुठलंही पेट्रोल चालतं, अगदी ऐंशी नंबरचंही. पण अंगात दम नाही. आता सव्वाआठ वाट्यांची एक होणार. दम येणार! फक्त ऐंशी चालणार नाही, ते फार दाबलं की ठिणगीची वाट न बघता आपणहून भडकतं आणि पिस्टनला आतून हातोडे घालतं. ब्याण्णव घालावं लागणार. ते गावच्या पंपावर मिळतं. प्रश्न मिटला.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं — गॅस्केट बदलली. खाली सही. डॉक्टरबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी प्रांताच्या कचेरीला विचारलं असतं, आणि कचेरीने नाही म्हटलं असतं.

पण जानेवारीत लोदोइ म्हाताऱ्याला घेऊन उलान घाटात अडकलो होतो तेव्हा कचेरी कुठं होती? गाडी चढेचना. म्हाताऱ्याचा मुलगा, डॉक्टरबाई, मी — तिघं बर्फात ढकलतोय. अर्धा तास. घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा आत म्हातारा गेलेला होता. मुलगा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून घासलं.

१२ फेब्रुवारी

घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो! आयुष्यात पहिल्यांदा! माथ्यावरच्या दगडांच्या ढिगाऱ्याला रिवाजाप्रमाणे तीन फेऱ्या मारल्या, मी एरवी हॉर्न वाजवून पुढे जाणारा माणूस. डॉक्टर दारीमा म्हणाल्या, "सोद्नोमदादा, गाडीला काय खाऊ घातलंत?" मी म्हटलं, नवीन गॅस्केट. खोटं इतकं सहज निघालं की माझंच मला नवल वाटलं.

१५ फेब्रुवारी

सणाच्या भेटीला यांजमा आली होती, नवऱ्याबरोबर, मोटारसायकलवर! सहावा महिना संपत आलाय आणि मोटारसायकल! माझी बायको खांद तिच्यावर भडकली आणि भडकता भडकताच तिच्या पुढ्यात बूझची, वाफवलेल्या मटणाच्या मोदकांची, थाळी ठेवली. पोरीने वीस-बावीस खाल्ले. आमची एकुलती एक. पहिल्या बाळंतपणात शहरात पोट कापून मूल काढावं लागलं होतं. या वेळीही गावात जमणार नाही, मेच्या शेवटी शहरातच न्यावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय. "मग काय, बाबा आहेत की," यांजमा म्हणाली. "बाबांची गाडी आता विमान झालीय म्हणे."

मी मिठाचा चहा ओतून घेतला.

२० फेब्रुवारी

पंपावर ब्याण्णव संपलं. पंपवाली पाग्मा म्हणते, सोमवारी टँकर येईल.

२७ फेब्रुवारी

सोमवार आला. टँकर आला तो ऐंशीच घेऊन. पाग्माने पंपाच्या काचेतून हात उडवले — "मी काय घरी गाळू ब्याण्णव? वरून नाही तर नाही!"

टाकी कोरडी होती. ऐंशी भरलं. दुसरा इलाज नव्हता.

गावाबाहेर गेलो, काच खाली केली, उणे चौतीस तापमानात कान बाहेर काढून गाडी चढावर दाबली. ऐकलं. पुन्हा दाबलं. काही नाही! एक ठोका नाही. कान बधिर झाला पण इंजिन गप्प. कारण कळलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. आमचं गाव बावीसशे मीटरवर. हवाच पातळ, इंजिनच्या वाट्याला येते ती अर्धपोटी, आणि वर एवढी गार. सव्वाआठ पट दाबली तरी तापणार किती! म्हणजे इथं ऐंशीवर चालतं. उगाच घाबरत होतो.

१ मार्च

पुन्हा ऐंशी. पुन्हा गप्प. मी जिंकलो!

१४ मार्च

नाही जिंकलो.

पाय मोडलेल्या एका मुलीला घेऊन शहरात गेलो. घाट उतरलो, खाली सपाटीला लागलो. खाली म्हणजे हजार मीटर खाली. ऊन पडलं होतं, बर्फ वितळून रस्ता काळा पडला होता, पारा शून्याच्या वर चार. गाडीत सात माणसं. एक छोटासा चढ आला, मी दाबलं — आणि आलं. सुकलेल्या दह्याचे खडे पत्र्याच्या डब्यात घालून हलवावेत तसं. टर्र्र. पाय काढला की बंद. दाबलं की पुन्हा.

मागून मुलीची आई म्हणाली, "काका, काहीतरी वाजतंय." मी म्हटलं, पत्रा सैल आहे.

पत्रा नाही. तंत्रशाळेत पहिल्याच वर्षी आम्हाला तो आवाज ऐकवला होता. मास्तरांनी मुद्दाम इंजिन ठोकवत ठेवलं, वीस मिनिटांनी खोललं आणि पिस्टन दाखवला — मधोमध भोक, कडा वितळलेल्या. त्या दिवशी सगळी पोरं हसली होती.

मी इंजिनाची परीक्षा फेब्रुवारीत घेतली. उणे चौतीसला. बावीसशे मीटरवर. आणि पास केलं! दुसऱ्या कुठल्या देशात असा गाढव सापडेल? थंडीत जे मुकं असतं ते उन्हात बोलतं, एवढं साधं मला सुचलं नाही. आत्ता मार्च आहे. मेमध्ये काय होईल?

१५ मार्च

झोप नाही. खांदने विचारलं, "पोट दुखतंय का?" हो म्हटलं. तिने मला मेंढीच्या हाडांचा रस्सा करून पाजला. दोन वाट्या. आता खरंच दुखतंय.

२२ मार्च

निमाला फोन केला. जुन्या मापाचं नवीन हेड पाहिजे म्हटलं. तो म्हणाला, राजधानीतून मागवावं लागेल, जूनमध्ये येईल. जून! मी म्हटलं, दोन गॅस्केट एकावर एक घालून दाब कमी करू का? "घाला की! आठवड्यात उडतील, मग पाणी सिलिंडरमध्ये आणि तुम्ही रस्त्यावर. सोद्नोमदा, मी म्हटलं नव्हतं —"

फोन ठेवून दिला. त्याने म्हटलं होतंच. तेच तर ऐकायचं नव्हतं.

२ एप्रिल

टायमिंग मागे सरकवलं. ठिणगी उशिरा पडली की ठोका कमी होतो. झालाही. पण दमही गेला. साडेतीन मिलीमीटर घासून जे कमावलं ते एका स्क्रूने परत दिलं. आणि उशिराच्या ठिणगीने इंजिन तापतं ते वेगळंच.

११ एप्रिल

घाटात पाणी उकळलं. आमच्या उंचीवर तसंही लवकर उकळतं. बोनेटमधून वाफ, मी हात पोळून घेतला. डॉक्टरबाई दगडावर बसून आरूल, सुकलेल्या दह्याचे खडे, चघळत होत्या. "दादा, तुमचं विमान उतरलं का हो?" सगळे हसले. मीही हसलो. हसण्याचं मला आता जमतं.

हसता हसता मनात सांगत होतो, आत्ता सांग. आत्ताच. उतारावर सगळे मजेत आहेत, बाईही हसताहेत. पण बाई उठून माझ्या पोळलेल्या हाताला मलम लावायला लागल्या. मग कसं सांगणार?

१७ एप्रिल

शहरात ब्याण्णव मिळालं. चाळीस लिटर, दोन डबे. स्वतःच्या खिशातून. मागच्या सीटखाली ठेवले, वर घोंगडी. हे यांजमाचं. बाकी फेऱ्यांना ऐंशी घालीन, हळू चालवीन, तोंड बंद ठेवीन. पण त्या दिवशी टाकीत ब्याण्णव असेल.

पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

१९ एप्रिल

एक डबा गेला!

माळावर एक जीप उभी. नवरा-बायको, दोन लेकरं, टाकी कोरडी, जवळचं गेर, मेंढपाळाचं तंबूघर, तीस किलोमीटरवर. आता माळावर पेट्रोल संपलेल्याला पेट्रोल द्यायचं असतं, त्यात विचारायचं काही नसतं. मीच किती वेळा असं घेतलंय. पण मी काय म्हणालो? "टाकीतून नळीने काढून देतो, थांबा." नळी शोधायला लागलो. नळी सापडेना. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी मागे हात घालून डबा ओढला. "नळी कशाला? हा काय, भरलेला आहे की!"

जीपवाल्याने हुंगून बघितलं. "ब्याण्णव! काका, एवढं चांगलं?" त्याची जीप जुनी, ढिली, केरोसीन घातलं तरी चालेल अशी. त्याच्या बायकोने हात जोडून कपाळाला लावले, लेकराच्या हातात माझ्यासाठी आरूल दिलं.

दुष्टपणाचं वाटेल, पण ते आरूल मी खिडकीतून फेकून दिलं. बाईंनी पाहिलं.

एक डबा उरला. वीस लिटर. शहरापर्यंत पुरत नाही.

२८ एप्रिल

गार वारा सुटलाय. देवा, असाच राहू दे.

३ मे

प्लग काढून बघितले. तीन ठीक. चौथ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी कण. सुईच्या टोकाएवढे, चार-पाच. आधी वाटलं धूळ. नखाने खरवडले. धूळ नाही.

ॲल्युमिनियम. पिस्टनचं. म्हणजे पिस्टन झिजून प्लगवर येतोय. कुठल्याही दिवशी भोक.

प्लग खिशात टाकला, नवीन लावला. दिवसभर खिशातला प्लग बोटांनी चाचपत होतो. जेवताना खांद म्हणाली, "काय आहे खिशात एवढं?" काही नाही म्हटलं. "दाखवा." दाखवला. "प्लग! जीवघेणी वस्तू असल्यासारखे धरून बसलात मेलं!"

मी ताटावरून उठलो.

९ मे

ऊन. वीसच्या वर. सगळं गाव आनंदात आहे — शेळ्या विंचरायचा हंगाम, लोकर चांगली निघतेय, लेकरं उघड्या डोक्याने धावताहेत. भेटेल तो म्हणतो, "सोद्नोमदा, काय छान दिवस!" मला एकेकाचा गळा धरावासा वाटतो. सकाळी उठलो की आधी खांबावरच्या थर्मामीटरकडे जातो. पन्नास वर्षांचा झालो, हिवाळा संपल्याचं दुःख कधी झालं नव्हतं.

१५ मे

डॉक्टरबाईंनी यांजमाला तपासलं. मूल मोठं आहे, पूर्वीच्या टाक्यांवर ताण यायला नको. "चोवीसला सकाळी नेऊ. कळा सुरू व्हायच्या आत पोचलं पाहिजे. रस्त्यात सुरू झाल्या तर माझ्या हातात काही नाही, दादा, तिथं कापायची सोय लागते. तुमची गाडी आहे म्हणून मी निश्चिंत आहे."

म्हणून मी निश्चिंत आहे!

बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. पुन्हा आत गेलो. दार वाजवलं. "बाई, एक सांगायचं होतं." "सांगा ना." त्यांच्या हातात कुणाच्या तरी रक्ताची बाटली होती. "काही नाही, चोवीसला किती वाजता निघायचं?" "सात." "बरं."

भित्रा. नुसता भित्रा माणूस आहे मी. नोकरी जाईल ही भीती नाही, किंवा तेवढीच नाही. लोदोइच्या मुलाने जसं बघितलं होतं तसं त्या बघतील, ही भीती.

१८ मे

स्वप्न नाही, जागेपणीच दिसतं. खालची सपाटी, झाड नाही, सावली नाही, ऊन. बोनेट उघडं. आत यांजमा. मी हातात भोक पडलेला पिस्टन धरून उभा, आणि दोन्ही बाजूंना रस्ता रिकामा. तिथं फोनही लागत नाही.

२० मे

गावच्या शाळेचे शाराव मास्तर!

मास्तर परीक्षेच्या कागदांसाठी शहरात जाणारच आहेत. त्यांच्याकडे जपानी गाडी. चार वर्षांत एकदाही माझ्या दारी आली नाही दुरुस्तीला, याचा मला रागच यायचा. मऊ सीट, गार हवेचं यंत्र. आणि ब्याण्णवशिवाय मास्तर तिला दुसरं पाजत नाहीत, अख्ख्या गावाला माहीत आहे, अंगणात पिंप भरून ठेवलेलं असतं. हे मला आधी का सुचलं नाही?

तडक त्यांच्याकडे गेलो. मास्तर म्हणाले, "अरे, त्यात काय! लेक तुझी तशी माझी. माझी विद्यार्थिनी ती. गणितात कच्ची होती, पण गोड."

मास्तरांच्या अंगणातून बाहेर आलो आणि मला रडू फुटलं. रस्त्यावर! पाग्मा बघत होती. डोळ्यांत वाळू गेली म्हटलं.

२१ मे

डॉक्टरबाईंना सांगितलं, यांजमा मास्तरांबरोबर जाईल. कारणही तयार होतं — दवाखान्याची गाडी गावात राहिलेली बरी, तेवढ्यात दुसरं कोणी अडलं तर?

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "दादा, स्वतःच्या मुलीसाठी सरकारी गाडी वापरायची नाही म्हणून? असा माणूस मी बघितला नाही. मी नर्सला पाठवते तिच्याबरोबर."

वर हे! मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाची लेक अडली तर तिला मी त्याच इंजिनावर नेणार, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. जूनमध्ये हेड येईल. तोवर फेरी आली तर पहाटे निघायचं, हवा गार असताना. आणि हळू. आणि जून आला की सांगून टाकायचं. नक्की.

२३ मे

यांजमा आली मुक्कामाला. पाय सुजलेत. म्हणाली, "बाबा, तुम्ही का नाही नेत? मला तुमच्या गाडीचीच सवय आहे. उलान घाटात तुम्ही शिव्या घालता ना गाडीला, त्या ऐकल्या की मला भीती वाटत नाही."

"मास्तरांची गाडी मऊ आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला माझ्यासोबत यायचं नाही?"

"वेडी आहेस का!"

तिने हात धरला आणि पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. जोरात. या वेळी मुलगाच, खांद म्हणते. मी हात काढून घेतला आणि तिच्या पाठीला उशी सरकवली.

२४ मे, सकाळ

गेली!

सातला म्हणता आठ वाजले. मास्तरांनी सीटवर नवी चादर अंथरली होती. नर्स मागे, यांजमा पुढे, उशी पाठीला. खांदने गाडीच्या मागे दूध शिंपडलं — चारही चाकांवर, मग रस्त्यावर, मग थोडं माझ्या बुटांवर. इंजिन सुरू झालं तर आवाजच नाही! नुसती मांजरासारखी गुरगुर. मी बोनेटला कान लावून उभा होतो तर मास्तर म्हणाले, "काय ऐकतोयस रे? यात तुझ्या ओळखीचं काही नाही." सगळे हसले, यांजमाही. काच खाली करून तिने हात हलवला. वळणापर्यंत हलवत होती.

दोनपर्यंत पोचतील. पोचल्यावर मास्तर फोन करणार आहेत.

दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. तीन वाट्या. मग सतरंजीवर आडवा झालो आणि झोपलोच. खांद म्हणते घोरत होतो.

२४ मे, दुपारी चार

फोन नाही म्हणून पंपाकडे गेलो, तिथं जरा बरं लागतं नेटवर्क. उगाच पाग्माशी बोलत उभा राहिलो. म्हटलं, मास्तर पोचले असतील आता. ती म्हणाली, "पोचणारच, काल संध्याकाळी माझ्याकडेच टाकी फुल्ल केली त्यांनी." मी म्हटलं, तुझ्याकडे? तुझ्याकडे कुठलं ब्याण्णव? "ऐंशी! त्यांचं पिंप एप्रिलमध्येच संपलं. विचारत होते बिचारे, चालेल ना गं? मी म्हटलं, न चालायला काय झालं? सोद्नोमदा फेब्रुवारीपासून तेच घालतोय, दवाखान्याची गाडी घाट तिसऱ्यात चढते!"

जपानी इंजिन दहा पट दाबतं. दहा! खाली आज एकोणतीस आहे, सावलीत.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. हेड, ठोका, प्लग, सगळं, दारात उभ्या उभ्या. त्या बॅग भरताहेत. ब्याण्णवचा उरलेला डबा टाकीत ओतला, गाडी सुरू आहे, त्यांच्या मागावर निघतोय. खांद घरातून विचारते आहे — आला का हो फोन? पोचली ना?